सिक लाइनवरची सायकल

आमच्या कॉलनीत कोणाच्या वस्तूवर खडूनं ‘सिक’ लिहिलेलं दिसलं, की समजायचं, रामटेकेभाऊ येऊन गेले.

भाऊ रेल्वेत होते. मालगाडीचे डबे तपासायचं त्यांचं काम. डब्यात काही बिघाड दिसला की त्यावर खडूनं ‘सिक’, म्हणजे आजारी, असं लिहायचं. मग तो डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर उभा करतात, त्याला सिक लाइन म्हणतात. दुरुस्त होऊन ‘फिट’ लिहिल्याशिवाय तो तिथून हलत नाही. भाऊ रिटायर झाले, त्यांचा खडू झाला नाही. तो शर्टाच्या खिशात असतो आणि खिसा कायम पांढरा.

शेजारच्या साहूंच्या स्कूटरवर त्यांनी सिक लिहिलं. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर लिहिलं. माझ्या फाटकाचा वरचा कब्जा, बिजागरी म्हणा, ढिला होता, तर फाटकावर लिहून गेले. मी पुसलं, त्यांनी पुन्हा लिहिलं. शेवटी मी कब्जा बदलला. माझे गुडघे दुखतात म्हणून मी एकदा पायरीवर बसले होते, तर खाली बघून म्हणाले, “वहिनी, खडू चालला असता तर तिथंही लिहिलं असतं.” ते हसले नाहीत. मीही हसले नाही.

साहूंच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. नवरदेवाची गाडी फुलांनी सजवून दारात उभी. भाऊ गाडीभोवती फिरले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले, टायरवर बोट फिरवलं आणि उठून समोर काचेखाली, झेंडूच्या माळांच्या मधोमध, ठळक लिहिलं ‘सिक’. नवरदेवाचा मामा धावत आला. “बीमार कौन है? किसने लिखा?” भाऊ म्हणाले, “टायर बीमार है। बहू इसमें नहीं बैठेगी।” अर्धा तास भांडण चाललं. नवरी साहूंच्या गाडीतून गेली. पण पहिले भाऊंनी तीही गाडी तपासली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. “बसते का, अन् बसून राहते का?” कोणतीही वस्तू दाखवा, हेच विचारतात. पातेल्यावरचं झाकण, दाराची कडी, दातांची कवळी. त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगल्या नोकरीत. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मध्यस्थाला म्हणाले, “बसन. पण बसून राहीन का, ते सांगा.” मध्यस्थ पुन्हा आला नाही.

ही प्रज्ञा बंगलोरला नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी डोंगरात सायकल चालवते. बाई माणसानं डोंगरात सायकल का चालवावी हे मला कळत नाही, पण मला न कळणाऱ्या पुष्कळ गोष्टी चालू असतात. भाऊ रिटायर झाले त्या वर्षी तिनं घरी एक लांबट खोकं पाठवलं. आत सायकलीचा नुसता सांगाडा. काळा, हलका. मी एका हातानं उचलला.

“हा उपाशी आहे काय?” मी म्हटलं.

“कार्बनचा आहे, वहिनी.”

“म्हणजे कोळसाच ना?”

“कोळसा नाही जी. धाग्याचा असते. लोखंडापेक्षा मजबूत.”

पण कॉलनीत तोवर पसरलं होतं की रामटेके कोळशाची सायकल बनवून राहिले.

प्रज्ञानं फोनवर सांगितलं होतं, “पप्पा, बाकी सब आप लगाओ। ठंड में पहाड़ पे राइड है, तब तक चाहिए।” तिला मराठी कळतं, बोलते हिंदीत. आमच्या ह्या हिंदी मुलखात वाढलेल्या सगळ्या पोरांचं तसंच आहे. भाऊ कामाला लागले. पुढच्या खोलीत खुर्च्या काढून सांगाडा मधोमध टांगला. घरात येणारा माणूस त्याला वळसा घालून जाऊ लागला.

मला वाटलं होतं, सायकल म्हणजे चाकं लावली, साखळी लावली, झालं. तसं नसतं. ह्या सायकलीचा एक भाग एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्या कंपनीचा, आणि प्रत्येकाचं माप आपापलं. पुढचा दांडा खालून रुंद, वरून अरुंद, तर त्याच्या बेअरिंगच्या वाट्याही तशाच पाहिजेत. सीटचा दांडा नखाच्या जाडीइतका कमी असला तरी खाली घसरतो, जास्त असला तर आत जात नाही. पुढे झटका खायला स्प्रिंगसारखं असतं, मागे काही नसतं. “मागचा झटका कोण खाते?” मी विचारलं. भाऊ म्हणाले, “चालवणाऱ्याची कंबर.” अशा वस्तूला माणसं पैसे देतात.

सगळ्यांत मोठी भानगड मागच्या चाकाची. चाकाच्या मधला जो तुंबा असतो, त्याला ते हब म्हणतात. ह्या सांगाड्याला एकशे अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा हब लागतो. बाजारात एकशे बेचाळीसचाही मिळतो. दिसायला सारखेच. फरक तांदळाच्या एका दाण्याएवढा. पण तेवढ्यानंच चाक बसत नाही, आणि जबरदस्ती केली तर कार्बनला तडा जातो. हे मला कसं माहीत? भाऊंनी साऱ्या कॉलनीला शिकवलं. दूधवाल्याला शिकवलं. “अठ्ठेचाळीस. बेचाळीस नाही. ध्यानात ठेव.” दूधवाला “हव भैया” म्हणून पळायचा. मी चौथी शिकले, पण हे दोन आकडे मला झोपेतही येतील.

एक गोष्ट मात्र मी बघितली. ह्या माणसानं जन्मभर अंगाच्या जोरानं बोल्ट आवळले. आता बोल्ट पाव चिमटीत मावतील एवढे, आणि जोर केला तर सांगाडा फुटणार. त्यांनी एक पाना मागवला. पुरेसं आवळलं की तो ‘टक’ असा वाजतो. भाऊ श्वास रोखून पाना फिरवायचे, टक ऐकू आलं की लगेच हात काढून घ्यायचे, जसं तापलेल्या तव्यावरून काढतात. मग फडक्यानं सांगाडा पुसायचे.

ठंड आली आणि गेली. प्रज्ञानं ती फेरी दुसऱ्याच्या सायकलीवर केली. उन्हाळा गेला. सायकल तिथेच. कधी ब्रेक बसला पण दांडीला घासतो, कधी मागची दातेरी चक्रं आली पण त्यांचा खोबणीचा प्रकार वेगळा. प्रत्येक वेळी सांगाड्याला बांधलेल्या पुठ्ठ्यावर ‘सिक’. कार्बनवर खडू लावायचा नाही म्हणून पुठ्ठा. साहू माझ्याजवळ म्हणाले, “मालगाडी पास करता था, एक साइकिल पास नहीं हो रही।” मलाही वाटलं, म्हाताऱ्याचा हात गेला. आणि पुढच्या ठंडीची फेरी जवळ येत होती. पोरीला सायकल ह्याही वेळी मिळाली नाही तर तिनं कोणाकडे मागायची?

मग एक दिवस दुपारी मी त्यांच्याकडे ताटलीभर चिला घेऊन गेले. तांदळाच्या पिठाचं धिरडंच ते, गरम होतं. दार उघडंच होतं. भाऊ माझ्याकडे पाठ करून नागपूरच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होते.

“बेचाळीसवालाच पाठवा. … हव, मले मालूम आहे फ्रेम कोणता आहे. … तुमी नका समजावू मले. एकशे बेचाळीस. तोच पाहिजे.”

मी ताटली टेबलावर ठेवली. आवाज झाला. भाऊ वळले.

“काहून खोटं काम करून राहिले भाऊ?” मी म्हटलं. “बेचाळीस बसत नाही. दूधवाल्यालेही मालूम आहे.”

भाऊंनी फोन ठेवला. फडकं घेऊन सांगाडा पुसायला लागले, तो पुसलेलाच होता.

“पोरगी वाट पाहून राहिली. अन् तुम्ही मुद्दाम चुकीचा सामान मागवता. तिचा काही राग आहे काय मनात?”

“नाही जी.”

“मग?”

पुसता पुसताच म्हणाले, “हे सायकल बसली, की पोरगी घेऊन जाईन.”

“न्यायलाच तर बनवली.”

“हव. मग रविवारी फोनवर काय बोलन ते माह्यासंग?”

आता मला आठवलं. भाऊंची बायको सुमन होती तेव्हा फोन तिच्याच हातात असायचा. मायलेकी तास तास बोलायच्या. भाऊ बाजूला पेपर वाचत बसायचे आणि शेवटी सुमन फोन त्यांच्या कानाला लावायची. सुमन गेल्यावर फोन त्यांच्याकडे आला. मी ऐकलेला आहे तो फोन. “जेवली?” “हां पप्पा। आप?” “हव.” “दवाई ली?” “हव.” “अच्छा, रखती हूँ।” एवढाच. दोघांचं भांडण नव्हतं. दोघांना येतच नव्हतं.

सांगाडा आला आणि रविवार लांबला. हबवरून बोलणं सुरू झालं, मग ब्रेकवरून. मग पोरगी सांगायची, कुठल्या उतारावर ती पडली, ऑफिसात कोण तिला त्रास देतो. भाऊ सांगायचे, आज गुडघा ठणकला, आज तुझ्या आईसारखी भाजी केली, जमली नाही. मधे मधे पार्ट. पार्टच्या आडून सगळं.

मी म्हटलं, “तिले सांगून टाका सरळ. नाहीतर मी सांगते.”

“तुमी नका सांगू, वहिनी.” मग थांबून, “मी सांगतो.”

रविवारी सकाळी मी मुद्दाम जाऊन बसले. भाऊ फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात. खोकं आलं होतं. चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं, बसत नव्हतंच.

“पप्पा, व्हील आया?”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“आला. बेचाळीसचा आला.”

“दुकानवाले ने गलत भेजा?”

“नाही. मीच मागवला.”

“आपने?” ती म्हणाली. “एक सौ बयालीस? आपने?”

“हव. चुकून नाही. मागवला मी.”

मला वाटलं, आता पोरगी ‘का?’ म्हणून विचारील, आणि ह्या माणसाला उत्तर देता येणार नाही. फडकं त्यांच्या हातात गोळा झालं होतं. पण तिनं विचारलं नाही. नाक ओढल्यासारखा आवाज आला. मग म्हणाली, “ठीक है। उसको वापस कर दो, अपना वाला मंगा लो। राइड के पहले मैं लेने आऊँगी। और पप्पा…”

“हव.”

“पेडल अभी सोचे नहीं हैं अपन ने। कौन सा बैठेगा, आप देखोगे? जल्दी नहीं है। मैं ले जाऊँ, उसके बाद भी चलेगा। हर हफ़्ते थोड़ा थोड़ा देखेंगे।”

“पाहा लागन,” भाऊ म्हणाले. “सोपं नाही ते.”

“मालूम है।”

मग ती ऑफिसातल्या त्या माणसाबद्दल बोलायला लागली, भाऊ ऐकायला लागले. चहा मीच केला.

फोन झाल्यावर मी विचारलं, “पेडलाचंही असंच आहे काय? तेही माप जुळवा लागते?”

“नाही,” ते म्हणाले. “पेडलची चुडी, म्हणजे आटे, अशा साऱ्या सायकलींचे एकच राहते. डाव्याचे उलटे, उजव्याचे सुलटे, बस. कोणताही घ्या, बसते.”

“तिले मालूम नाही?”

“एवढे वर्ष चालवून राहिली, वहिनी. पेडल तर पोरगी सोताच बदलते.”

मी कप उचलले. मला घरी भात टाकायचा होता.

दारातून बाहेर पडताना ऐकलं, त्यांनी नागपूरला फोन लावला होता. चाक परत पाठवतो म्हणाले, एकशे अठ्ठेचाळीसचं लवकर पाठवा म्हणाले, राइड आहे. दुकानदारानं बहुतेक विचारलं, आणखी काही पाहिजे का.

“नाही,” भाऊ म्हणाले. “पेडल आत्ताच नका पाठवू.”