पंख कुठे बसवायचे?

माझे पणजोबा घोड्यांची निखळलेली हाडे बसवीत. आजोबा गुरांची बसवीत, आणि वडिलांनी त्यासाठी रीतसर दवाखानाच काढला. मी स्वतः पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौतीस वर्षे शरीररचना शिकवली. तेव्हा वाचकहो, माझ्या घरात चुकीच्या हाडांचा प्राणी जन्मास येणे शक्य नव्हते, कागदावरसुद्धा नाही!

माझी सून चित्रकार आहे. आजवर तिने इतरांच्या पुस्तकांतून कोपऱ्यात फुले काढली. या खेपेस प्रथमच अख्खे पुस्तक तिच्या नावाने निघायचे होते: डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या, चार पाय आणि दोन पंख असलेल्या एका जमातीची गोष्ट. शुक्रवारी मुख्य चित्र प्रकाशनाच्या संपादकबाईंना पसंत पडले तरच काम तिचे. नाहीतर दुसरा चित्रकार रांगेत उभाच होता. सोमवारी तिने चित्र जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवले आणि मी चष्मा लावला.

"पंख कशाला जोडलेत?" मी विचारले.

"पाठीला."

"पाठ म्हणजे काय कपडे टांगायची खुंटी आहे?"

हा प्राणी कल्पित आहे, असे तिने मला शांतपणे सांगितले. कल्पित असला तरी उडताना त्याचे वजन कल्पित राहत नाही, असे मी तितक्याच शांतपणे सांगितले. तिला ते पटले आणि तिथेच घात झाला.

मंगळवारी पंखांच्या स्नायूंना जागा हवी म्हणून छाती पुढे आली. एवढ्या छातीखाली पुढचे पाय अडचणच करू लागले, ते गेले. बुधवारी जबड्याचे ओझे कमी करायचे म्हणून दात गेले आणि हलकी चोच आली. लांब शेपटीने तोल साधेना, तिथे पिसांचा पंखा बसला. गुरुवारी माझ्या मुलाने जाता जाता चित्राकडे पाहिले आणि चहा अर्धा टाकून तो निघून गेला. तो दातांचा डॉक्टर आहे; दात काढल्यामुळे रुसला असावा, अशी मी समजूत करून घेतली.

शुक्रवारी सकाळी संपादकबाईंचा फोन आला. चित्र उत्तम आहे, हाडन् हाड बोलते आहे, पण आपण कोंबडी का पाठवलीत, असे त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारले.

सून रडली असती तर मला सोपे गेले असते. फोन ठेवून ती म्हणाली, "आई, त्याला जे जे जमणार नाही ते तुम्ही काढून टाकलंत. मला त्याला जमणारी एकच गोष्ट हवी होती."

संध्याकाळपर्यंतची मुदत तिने मागून घेतली होती. दुपारी कागदावर पुन्हा चार पाय आले, पंख आले. वजनाचे काय, असे मी न राहवून विचारलेच.

"जड आहेच तो. उडतो, पण उतरताना दर वेळी डाव्या खांद्यावर आपटतो. जमातीत सगळ्यांचाच डावा खांदा घट्टे पडून खाली आलाय."

मी तांबडी पेन्सिल उचलली होती, ती खाली ठेवली. मिळालेल्या देणगीची किंमत शरीर नेमकी कुठे मोजते, हा प्रश्न मी चौतीस वर्षांत एकाही परीक्षेत घातला नव्हता.

दिवेलागणीला होकार आला. हा प्राणी कुठेतरी खरोखर राहत असणार, असे संपादकबाई म्हणाल्या म्हणे. तो ओघळलेला खांदा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी उठून कपाटातून एक जुना कागद काढला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुनेने माझे चित्र काढून माझ्या हाती दिले होते, आणि डावा कान अर्धे बोट खाली आला आहे, एवढेच मी म्हणाले होते. त्यानंतर सव्वीस वर्षांत तिने घरातल्या कोणाचेही चित्र काढले नाही. त्या चित्राचे देणे माझ्याकडे थकले होते.

मी आरशासमोर उभी राहिले. पट्टीही घेतली, सवय जात नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन, मुलगा समोर असतानाच, तिला म्हणाले, "कान खालीच आहे. तुझं बरोबर होतं. चित्र छान आहे."

तिने मान वर केली. "अर्धं बोट?"

"पाऊण," मी म्हणाले.