केरबांनी बोलावलेला डोंगर

केरबा सणस फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातून पायी चालले होते, तेव्हा त्यांच्या मागून एक डोंगर यायला लागला. त्यात डोंगराची काही चूक नव्हती. आदल्या संध्याकाळी तो उतरून झाल्यावर केरबांनी त्याला हात जोडले आणि निघताना आपण कुणालाही म्हणतो तसं म्हणाले, "या की एकदा आमच्याकडं." आपल्यात हे बोलायचं असतं, आणि कुणी येत नाही हे दोघांनाही माहीत असतं. त्या डोंगराला आपली रीत कुठून माहीत असणार? तो सकाळी उठला नि निघाला.

केरबांना गाडी लागायची, म्हणून ते आणि ठकूबाई लेकीच्या गावाला पायीच चालले होते. लेक तिकडं फ्रेंच माणसाला दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते काही जमलं नाही, तेव्हा माहेरानंच उठून तिकडं जावं असं ठरलं. नातवंड जन्माला येईल तेव्हा आपण दाराशी असावं, एवढी एकच आस केरबांना होती. आता डोंगर म्हटल्यावर तो काही भरभर चालत नाही. आणि पाहुण्याला मागं टाकून पुढं जायचं कसं? केरबाही सावकाश चालायला लागले.

"लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे," ठकूबाई म्हणाल्या. "ह्याला निजवणार कुठं?"

"हळू बोल. ऐकू जाईल त्याला."

दुपारी डोंगराखालच्या गावच्या सरपंच ओदीलबाई सायकल मारत आल्या. त्या फ्रेंच बोलत होत्या आणि केरबा मराठी, पण विषय डोंगराचा होता, त्यामुळं काही अडलं नाही. गाई उन्हाळ्यात वर चरायला न्यायच्या, तर आता वर असं काही उरलेलंच नाही. झऱ्याचं पाणी सरळ शाळेत शिरतंय. गावसभेनं नाराजीचा ठराव केलाय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तुम्ही बोलावलंत, तर परत जा म्हणूनही तुम्हीच सांगा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"बाई, दुसरं काहीही सांगा," केरबा म्हणाले. "निघालेल्या पाहुण्याला माघारी जा म्हणायला माझी जीभ उचलत नाही."

ओदीलबाईंनी सायकल झाडाला टेकवली. तोवर ठकूबाईंनी रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरली. आपण बसू ते आपलं घर, असा त्यांचा हिशेब. डोंगराच्या पायथ्यावर त्यांनी तांब्याभर पाणी घातलं आणि बरोबरच्या स्टोव्हवर चहा टाकला. डोंगर आधी नको नको म्हणाला. आग्रह झाला तेव्हा घेतला. मग जरा वेळ बसला, उठला आणि आल्या वाटेनं वळला.

पण पाहुण्याला पोचवायला जायला हवं. केरबांचं एक पाऊल लेकीच्या गावाकडं, एक डोंगरामागं.

"जा," ठकूबाई म्हणाल्या. "नाहीतर बाळ मांडीवर घेऊन तुम्ही त्याचीच काळजी करत बसाल. मी होते पुढं."

डोंगर जागेवर जाऊन बसला तो जरा तिरकाच बसला. गावसभेनं ते चालवून घेतलं. केरबा जायला वळले, तसा डोंगर उठला. घरून निघालेल्याला वेशीपर्यंत पोचवायचं असतं, हे तो एव्हाना शिकला होता. केरबांनी त्याला पुन्हा बसवलं. वळले की तो पुन्हा उठे.

"न सांगता जा," ओदीलबाई म्हणाल्या.

केरबा उभ्या आयुष्यात कुणाच्या दारातून असे गेले नव्हते. त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग हळूच म्हणाले, "तुम्ही जरा बोलण्यात गुंतवा त्याला."

ओदीलबाईंनी डोंगरापुढं खुर्ची मांडली आणि त्याला गावसभेचा ठराव वाचून दाखवायला लागल्या. केरबा बूट हातात घेऊन अनवाणी सटकले.

नदीवरच्या पुलावर आले आणि फोन वाजला. ठकूबाई होत्या. "नात झाली. दोघी सुखरूप आहेत. तुम्ही कुठवर आलात?"

"आलोच," म्हणून केरबांनी फोन ठेवला. हे कुणाला तरी मोठ्यानं सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण मागं डोंगर अजून दिसत होता, आणि त्याच्या कानावर गेलं असतं तर तो बाळ बघायला आल्यावाचून राहिला नसता. मग कठड्यावरून वाकून त्यांनी ते हळूच नदीला सांगितलं.

नदी म्हणाली, बरं झालं, मीही त्याच गावाला चाललेय. केरबांनी बूट घातले आणि दोघं बरोबरच निघाले.