विगांटसाहेबांचा रहिवासी दाखला

डेटलेफ विगांटने फाइल चौथ्यांदा जेवणाच्या टेबलावर पसरली आणि बायकोला सांगितलं, "गुद्रून, आता काही म्हणजे काही राहिलं नाही."

"तीनदा हेच म्हणालास. उचल ते, मासे निवतायत," गुद्रून म्हणाली.

डेटलेफचं आयुष्य जर्मनीत, कासेलच्या जमीन नोंदणी कचेरीत गेलं होतं. चौतीस वर्षं. असा माणूस निवृत्त होऊन पोर्तुगालच्या दक्षिणेला, कोरूझाशसारख्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात राहायला आला तरी त्याच्या हातून फाइल सुटत नाही. त्यात ही फाइल गाडीची होती. बावीस वर्षांची निळी स्टेशन वॅगन. मुलगी याच गाडीवर चालवायला शिकली होती आणि सासूबाईंना शेवटचा समुद्र याच गाडीतून दाखवला होता. आता तिचा जर्मन नंबर जाऊन पोर्तुगीज नंबर यायला हवा होता.

नियम सोपा होता. परदेशातून कायमचं राहायला येणाऱ्याला आपली गाडी कर न भरता आणता येते, फक्त आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. वर्ष उलटलं की कर. आणि एवढ्या जुन्या, मोठ्या इंजिनाला तो इतका, की त्यापेक्षा गाडी भंगारात घातलेली बरी. वर्ष आठ सप्टेंबरला भरत होतं. आज होती दोन तारीख.

"गाडी भंगारात गेली तर मलाही तिच्यात बसवूनच दे," असं गुद्रूनने सांगून ठेवलं होतं, आणि ती चेष्टेत बोलत नव्हती.

फाइलमधला शेवटचा कागद म्हणजे सरपंचांचा रहिवासी दाखला. गावातल्या दोन साक्षीदारांनी ग्वाही दिल्यावर सरपंच तो लिहून देतात. डेटलेफने त्यावरची तारीख पाहिली, सह्या पाहिल्या, शिक्का पाहिला. शिक्का इतका सरळ बसला होता की त्याला भरून आलं. मजकूर मात्र त्याने वाचला नाही. सरकारी पोर्तुगीज त्याला अजून झेपत नव्हतं, आणि शिक्का मारलेला कागद खोटं बोलतो असं चौतीस वर्षांत त्याने कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कस्टमच्या कचेरीत तेलेश नावाच्या अधिकाऱ्याने फाइल चाळली. "वा! अशी फाइल उभ्या नोकरीत पाहिली नाही," तो म्हणाला. डेटलेफ लाजला. मग तेलेश शेवटच्या कागदाशी थांबला आणि मोठ्याने वाचू लागला.

"'सदर गृहस्थ कित्येक वर्षांपासून कोरूझाश गावी वास्तव्यास असून ते गावचेच आहेत.' कित्येक वर्षं?"

"अकरा महिने आणि सव्वीस दिवस!" डेटलेफ ओरडला.

"सरपंच तर असं म्हणत नाहीत. मग कर बसणारच, शिवाय इतकी वर्षं परदेशी नंबरावर गाडी फिरवल्याचा दंड."

"अहो, पण जर्मनीतून नाव कमी केल्याचा दाखला आहे ना! तारखेसकट!"

"तुम्ही तिथून कधी गेलात ते तो सांगतो. इथे कधी आलात ते गाव सांगणार." तेलेश माणूस वाईट नव्हता. "असं करतो, शुक्रवारी मी गावात येतो आणि लोकांनाच विचारतो. ते नवे म्हणाले तर तुम्ही नवे."

डेटलेफ तडक अल्बर्तिनोच्या कॅफेत गेला. अल्बर्तिनो दोन साक्षीदारांपैकी एक.

"अल्बर्तिनो, काय लिहून दिलंत हे?"

"आवडलं ना?" अल्बर्तिनोचा चेहरा खुलला. "सरपंच फिर्मिनो तर अकरा महिनेच लिहायला निघाले होते. मी म्हटलं, अहो, कस्टमवाले म्हणतील हा कुठला उपटसुंभ? लिहा कित्येक वर्षं! आपल्या माणसासाठी एवढंही करायचं नाही?"

"पण मी नवा असलो तरच काम होणार आहे! मी नवा आहे!"

"नवा?" अल्बर्तिनोने फडकं खाली ठेवलं. "हिवाळ्यात माझं डुक्कर कापलं तेव्हा मागचा पाय कोणी धरला होता? परक्याच्या हातात पाय देतं का कोणी?"

पुढचे दोन दिवस डेटलेफने दारोदार जाऊन आपण परके असल्याचं समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्रत्येक घरी त्याला वाइन पाजली. पण सरकारी माणसासमोर आपल्या माणसाला उघडं पाडायचं नाही, हा कोरूझाशचा जुना धर्म. शुक्रवारी तेलेश कॅफेत येऊन बसला आणि व्हायचं तेच झालं.

"कित्येक वर्षं," सरपंच म्हणाले. "माझा शिक्का खोटा म्हणू की काय?"

"माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला होते की हे," खाटीक म्हणाला.

"मुलगी केवढी आहे?" तेलेशने विचारलं.

"मार्चमध्ये एकोणीस लागेल."

तेलेशने वहीत लिहून घेतलं. डेटलेफने कपाळावर हात मारला. "अहो, का मारताय मला? मी परका आहे! परका!"

अल्बर्तिनोने त्याच्या समोरचा कप उचलला. "मग हा बाहेर नेऊन ठेवू का, टुरिस्टांच्या टेबलावर?"

खरं सांगायचं तर डेटलेफला त्या क्षणी संतापही आला होता आणि आनंदही झाला होता. कासेलला तीस वर्षांच्या शेजारात त्याच्यासाठी एक माणूस एक शब्दही खोटं बोलला नव्हता. पण हा आनंद गाडीच्या जिवावर उठला होता.

तेवढ्यात दारात देओलिंदाबाई उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर. घर डेटलेफच्या बरोब्बर समोर, खुर्ची कायम खिडकीत. वर्षभर डेटलेफ त्यांना रोज नमस्कार करत होता आणि त्या रोज तोंड फिरवत होत्या.

"कुठाय तो सरकारी माणूस?" त्यांनी विचारलं. "यांचं काही ऐकू नका, एकजात थापाडे मेले. हा माणूस परका आहे. गेल्या वर्षी आठ सप्टेंबरला दुपारी चार वाजता आला."

"इतकं नेमकं कसं आठवतं, आजी?"

"विसरीन कशी? मेरीमातेची मिरवणूक आमच्या गल्लीत शिरायला आणि समोरून हा यायला एक गाठ! टपावर गाद्या बांधलेल्या. ना पुढे जाता येई, ना मागे. मातेला वीस मिनिटं उन्हात तिष्ठत ठेवलं याने! बँडवाल्यांना तीच चाल अकरा वेळा वाजवावी लागली. माझ्या जन्मात माता कोणासाठी थांबली नव्हती, ती या बाबासाठी थांबली!"

त्यांनी पिशवीतून चौकटीतला फोटो काढला आणि तेलेशच्या कॉफीशेजारी आपटला. फोटोत गेल्या वर्षीचं साल लिहिलेला मिरवणुकीचा झेंडा होता. झेंडा धरून देओलिंदाबाई अशा बघत होत्या, की छायाचित्रकाराची धडगत नसावी. आणि मातेच्या पुढ्यात निळी गाडी, स्वच्छ वाचता येणारा जर्मन नंबर, टपावर दोन गाद्या, आणि काचेतून दिसणारा डेटलेफ, हात जोडलेला.

तेलेश फोटो बराच वेळ पाहत राहिला. त्याचे खांदे हलू लागले. शेवटी डोळे पुसत तो म्हणाला, "याहून पक्का पुरावा कस्टमला मिळायचा नाही."

सरपंचांनी नवा दाखला लिहिला. 'सदर गृहस्थ नवीन आहेत' एवढं लिहायला त्यांना अर्धा तास लागला. अल्बर्तिनोने सही केली, पण डेटलेफकडे न बघता.

नाताळच्या आधी नंबर आला. सोबतच्या कागदातला शब्दन् शब्द डेटलेफने या वेळी शब्दकोश घेऊन वाचला आणि मग कॅफेत सगळ्यांना ऐकवला. "वर्षभर ही गाडी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, आणि घरच्यांखेरीज कोणाला चालवायलाही द्यायची नाही. कायदा आहे."

"म्हणजे तुमच्याकडे गाडी मागायची सोय नाही," अल्बर्तिनो विचार करत म्हणाला.

"मुळीच नाही."

"अरेरे. मग दर वेळी तुम्हालाच यावं लागणार की हो."

कोरूझाशला बस आठवड्यातून एकदा येते. सोमवारी सकाळी आठला डेटलेफ दाढी करून बाहेर आला, तर गाडीच्या मागच्या सीटवर सरपंचांची बायको, खाटकाची ती बाप्तिस्म्याची पोर आणि बाजाराच्या टोपल्या. पुढच्या सीटवर, काळा कोट घालून, मांडीवर जिवंत कोंबडी घेऊन देओलिंदाबाई. दारात गुद्रून पोट धरून हसत होती.

डेटलेफने इतक्या लगबगीने गाडी सुरू केली की ती गचका खाऊन बंद पडली. मागे किंकाळी उठली.

देओलिंदाबाई शांतपणे मागे वळल्या. "घाबरू नका गं," त्या म्हणाल्या. "गाडी आपल्या गावची आहे. चालवणारा तेवढा परका आहे."