शेजारच्या सीटसमोरचं बटण

चष्मेवाल्यांनी त्या रविवारी सकाळी दाढी करता करता आरशाला सांगून टाकलं, की आज संध्याकाळच्या आत आपली गाडी लाल वहीत जाणार. आरसा काही बोलला नाही. बायकोने मात्र आतून विचारलं, "आणि नाही गेली तर?"

"नाही गेली तर उद्या विकून टाकतो. दिला शब्द."

हा शब्द साधासुधा नव्हता. बायकोचा शिवणाचा व्यवसाय. चार मशीनं जेवायच्या खोलीत, टेबलावर कापलेलं कापड, आणि माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवताहेत, असं सहा वर्षं चाललं होतं. मागच्या महिन्यात चष्मेवाल्यांच्या भातात टाचणी निघाली. घराला लागून एक चांगली ऐसपैस शेड होती, पण तिच्यात गाडी होती. बायको म्हणत होती, एक तर ती गाडी एवढी थोर असेल तर तसं कुणीतरी लिहून द्यावं, नाहीतर शेड मोकळी करावी. सुटे भाग काढून विकणारा एक माणूस दोनदा येऊन गाडी बघूनही गेला होता.

चष्मेवाले म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. लोकांना लांबचं आणि जवळचं नीट दिसावं, हा त्यांचा धंदा. त्यांना स्वतःला घरातलं कितपत दिसत होतं, ते पुढे येईलच.

गाडी सासऱ्यांची. दोन दारांची, पिस्ता रंगाची, गोल डोळ्यांची. सासरे औषधं विकायला गावोगाव फिरायचे. जन्मभर त्यांनी तीच एक गाडी चालवली आणि ते गेल्यावर ती जावयाकडे आली. जावयाने तिच्यावर जे प्रेम केलं, ते सासऱ्यांच्या मुलीने लांबून पाहिलं. सीटवर प्लास्टिक घातलेलं, काचांना कापडाचे पडदे, आणि गाडीत बसायचं तर आधी परवानगी. बायकोने परवानगी मागणंच सोडून दिलं होतं.

तर लाल वही. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ होतं. त्या मंडळात कुणाची गाडी किती महाग याला कुणी विचारत नसे. तशी गाडी जगात दुसरी आहे का, एवढाच प्रश्न. कंपनीने कुणासाठी तरी एकच बनवलेली, पुन्हा कधी न काढलेली गाडी सापडली, की ती लाल वहीत जायची. तीस वर्षांत त्या वहीत फक्त चार गाड्या गेल्या होत्या. ज्याची गाडी तिच्यात, त्याला मेळाव्यात पहिला चहा मिळे आणि बाकीचे त्याच्याशी जरा हळू आवाजात बोलत.

चष्मेवाल्यांच्या गाडीत दोन गोष्टी अशा होत्या, ज्या त्या मॉडेलच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीत नव्हत्या. पहिली म्हणजे शेजारच्या दाराच्या आतल्या अस्तराला पडलेली अकरा बारीक भोकं, नीट गोलात. यावर चष्मेवाल्यांनी मंडळाच्या अंकात 'सूक्ष्म वायुवीजन: एक विस्मृत तंत्र' असा नऊ पानांचा लेख लिहिला होता आणि तो फ्रेम करून बैठकीत लावला होता. दुसरी गोष्ट म्हणजे ते बटण.

शेजारच्या सीटसमोर, बरोबर मधोमध, एक काळं गोल फिरवायचं बटण. वर ना अक्षर, ना आकडा. ते कशाचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षं मंडळात दुसरा विषय नव्हता म्हटलं तरी चालेल. बँकेतल्या साहेबांना खात्री होती, की पेट्रोलची एक चोरटाकी आहे आणि ते तिचं बटण. जनावरांचे डॉक्टर म्हणायचे, हा फक्त जनावरांना ऐकू जाईल असा हॉर्न असणार. बटण फिरवून बघावं, हे कुणीच सुचवलं नाही. जुनं बटण फिरवताना तुटलं तर? आणि मागचा पत्रा उघडायचा तर त्याहून पाप. ज्या स्क्रूला कंपनीनंतर कुणाचा पेचकस लागलेला नाही, तो स्क्रू म्हणजे या लोकांत देवच. उघडायचा असेल तर मंडळाच्या तपासनिसांसमोर, नाहीतर मुळीच नाही.

बायकोने पहिल्या वर्षी दोनदा म्हणून पाहिलं होतं, "अहो, ते बटण ना..." दोन्ही वेळा चष्मेवाले ओरडले होते, "हात लावू नकोस!" तिने हात लावला नाही आणि पुढचं वाक्यही तिथंच सोडलं. तिला वाटलं, यांना माहीत असेलच.

मंडळाचा मेळावा शहराबाहेरच्या एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर होता. त्या दिवशी बायकोही गेली. निकाल तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. प्लास्टिक चढवलेल्या सीटवर ती पर्स मांडीवर घेऊन बसली, आणि चष्मेवाले ताशी तीसच्या वर न जाता तिकडे पोचले.

तपासनीस हे निवृत्त भूमापक. उंच, वाळलेले, आणि हसायचं काम दुसऱ्यांवर सोपवलेलं. काखेत लाल वही. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून बटणाकडे पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, की हे बटण चालू असताना पाहिलेला माणूस कुणी हयात आहे का.

चष्मेवाले म्हणाले, नाही. आणि त्यांच्या मागून बायको म्हणाली, "मी आहे की."

सगळं मंडळ वळलं. चष्मेवाले सर्वांत शेवटी वळले.

"वेगाचं बटण आहे ते," ती म्हणाली. "फिरवलं की टिक वाजतं आणि गाडी पळायला लागते. दर रविवारी बाबा मला फिरायला न्यायचे. सरळ रस्ता लागला की म्हणायचे, हं, आता तू. मग मी फिरवायचे."

"किती वेळा झालं असेल असं?"

"शंभरदा तरी. एकदाही चुकलं नाही."

चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांचा राग आणि सहा वर्षांचा आनंद एकदम आला. तिला ते एवढंच विचारू शकले, की हे आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? यावर जनावरांचे डॉक्टर उगाचच खोकले. बँकेतले साहेब मात्र तोवर तीन जणांना समजावू लागले होते, की चोरटाकी म्हणजे वेगच, आपण वेगळं काय म्हणत होतो. प्रवाशाच्या हातात वेग देणारी गाडी! अशी जगात कुणी पाहिली नव्हती. तपासनिसांनी टोपण काढलेलं पेन बोटात धरलं, तेव्हा चष्मेवाल्यांना पहिल्या चहाचा वाससुद्धा आला.

पण तपासनीस म्हणाले, आधी चाचणी. ते स्वतः मागच्या सीटवर घडी करून बसले. काटा तीसवर ठेवायचा, आणि चष्मेवाल्यांनी पाय तसूभरही हलवायचा नाही. गाडी सरळ धावपट्टीवर लागली. बाहेर मंडळ रांगेत उभं. आत चष्मेवाले पायाकडे बघताहेत, तपासनीस काट्याकडे, आणि बायको बटणाकडे.

"हं, आता तुम्ही," तपासनीस म्हणाले.

तिने फिरवलं. टिक. तोच आवाज! तीस वर्षांनी. काटा तीसवरच.

पुन्हा फिरवलं. टिक, टिक. काटा ढिम्म. शेवटी शेवटी तर चढ लागून तो एकोणतीसवर आला. बायकोचा चेहरा उतरला. सगळ्यांसमोर आपण खोटं पडलो, याहूनही काहीतरी वेगळं तिला टोचत होतं. ती पुटपुटली, "बाबांच्या वेळी व्हायचं हो."

तपासनीस शांतपणे म्हणाले, की जाम झालं असेल, उघडून बघू. मंडळाचे मेस्त्री पेचकस घेऊन आले. त्याआधी तपासनिसांनी चष्मेवाल्यांच्याच दुकानातलं भिंग डोळ्याला लावून चारी स्क्रू पाहिले, आणि भिंग चष्मेवाल्यांच्या हातात दिलं. स्क्रूंच्या खाचांवर ओरखडे होते. पत्रा आधी कुणीतरी उघडला होता. अख्ख्या शहराच्या डोळ्यांची तपासणी करणाऱ्या माणसाला सहा वर्षांत एवढं दिसलं नव्हतं.

मेस्त्रींनी पत्रा काढला. सगळ्यांची डोकी एकदम आत घुसली आणि एकमेकांवर आपटली. आत टाकी नव्हती, तार नव्हती, नळी नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. बटणाच्या दांड्याला मागून दोऱ्याचं एक लाकडी रीळ डकवलेलं होतं. रिळाच्या कडेला खाचा पाडलेल्या, आणि त्या खाचांत अडकेल असा पत्त्याच्या पानाचा एक तुकडा. बदामची राणी, अर्धी. मेस्त्रींनी बोटाने रीळ फिरवलं. टिक.

"हे आईच्या मशीनचं रीळ आहे," बायको म्हणाली.

नवऱ्याच्या पायाशी असलेल्या त्या पट्टीकडे, जी दाबली की कुठलीही गाडी पळते, तिच्याकडे ती बघत राहिली.

"पाय," ती शेवटी म्हणाली. "बाबांचा पाय होता तो."

आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसणं थांबेना. वयाची चाळिशी उलटली, चार मशीनं चालवली, दोन मुलं वाढवली, पण हा विचार एकदाही तिच्या मनात आला नव्हता. आपण बटण फिरवतो आणि गाडी पळते, यात विचार करण्यासारखं होतं काय? जनावरांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बँकेतल्या साहेबांनी तर चष्मा नसतानाही डोळे पुसले.

तपासनिसांनी मात्र पेनाला टोपण लावलं. मॉडेल साधं, हजारोंनी निघालेलं, आणि बटण घरगुती, असं ते म्हणाले. वही मिटली.

परतीच्या वाटेवरही चष्मेवाले तीसच्या वर गेले नाहीत. त्यांच्यापुढे उद्याचा दिवस होता आणि तो सुटे भाग विकणारा माणूस होता. शब्द दिला होता, आणि तोही बायकोला. शेवटी तेच म्हणाले, की उद्या त्याला फोन करतो, तुझी मशीनं परवा शेडमध्ये लावू.

समोर सरळ रस्ता लागला होता. बायकोने पर्स बाजूला ठेवली, हात पुढे केला आणि बटण फिरवलं.

टिक.

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पाठ ताठ, दोन्ही हात आता मांडीवर, वाट बघत. सहा वर्षांत जी गाडी त्यांनी तीसच्या वर नेली नव्हती, तिच्या त्या पट्टीवर त्यांनी पाय ठेवला आणि दाबला. पिस्ता रंगाची गाडी आधी शिंकली, मग थरथरली, आणि मग खरोखरच पळाली. चाळीस, पन्नास, पंचावन्न! बायको ओरडली, आणि चष्मेवाल्यांना तिचा हा आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकू आला.

"फोन-बिन काही करायचा नाही," ती वाऱ्यावर म्हणाली. "मशीनं आहेत तिथं बरी आहेत."

पुढच्या सिग्नलला एक गाडी धापा टाकत शेजारी येऊन थांबली. आत तपासनीस. काच खाली करून त्यांनी विचारलं, की मघाशी अचानक काय झालं. बायकोने सांगितलं, बटण फिरवलं. तपासनिसांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मेवाल्यांच्या पायाकडे पाहिलं, आणि सिग्नल सुटून मागचे हॉर्न वाजवू लागले तरी ते लाल वही स्टिअरिंगवर ठेवून लिहीत होते.

आठ दिवसांनी नोंदीची प्रत घरी आली. लाल वहीतलीच, पण पेन्सिलीने लिहिलेली: 'बटण चालते. जोडणी आढळली नाही.'

चष्मेवाल्यांनी ती चारदा वाचली आणि लगेच ठरवलं, की ही बैठकीत लावायची, वायुवीजनाच्या लेखाच्या शेजारी. हातोडी आणली, खिळा धरला, आणि मग सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गाडीबद्दल बायकोला आपणहून काही विचारलं.

"का गं, या गाडीतलं आणखी काही मला माहीत नाही असं आहे का?"

ती मशीनवरून मान न उचलता विचार करू लागली. म्हणाली, तसं काही नाही. मग लेखाच्या फ्रेमकडे बघत म्हणाली, "ती अकरा भोकं तेवढी माझी. चौथीत होते. बाबा दुकानात गेले होते, मला कंटाळा आला होता आणि हातात कंपासमधलं कर्कटक होतं."

चष्मेवाल्यांनी नवा खिळा ठोकलाच नाही. लेखामागचा जुना होताच.