डाव्या हातानं उघडंल तो चाकू

धर्मा भावजींचा उजवा हात हल्ली कायम खाकी प्यांटीच्या खिशात. चालताना खिशात, बसताना खिशात, मयताला आले तरी खिशात. कोनाला नमस्कार करायचा तर डाव्या हातानं कपाळ चाचपतात. गावातली पोरं म्हनतात, बाबा खिशात चाकू धरून हाय, वाट सोडा. भावजींना त्याचा राग नाय. उलट ते ऐकून जरा ताठ चालतात.

ते आमचे शेजारी. माझ्या मालकांचे दोस्त, म्हनून माझे भावजी. भिवपुरीच्या वीजघरात तारा सोलून त्यांची नोकरी झाली. तिथं चाकू हातात आला तो मंग सुटला नाय. बायको गेली, पोरगा शेलूला बिल्डिंगीत ऱ्हायला गेला, चाकू तेवढा ऱ्हायला. दुसऱ्या कशाची अक्कल ते कोनाला शिकवत नाय. चाकूची मात्र न मागता.

आता मला ह्या वयात चाकू कशाला, तर ऐका. मी रानातली भाजी आनून नेरळच्या बाजारात बसते. पावसाच्या आधी शेवळं, मंग टाकळा, कर्टोली. मालक गेल्यावर माझी चूल ह्याच्यावरच पेटते. गेल्या साली बांधावरून पडले, उजवं मनगट मोडलं, हाड वाकडं बसलं. कोयता उचलला की हात थरथरतो. डोंगर पन निम्मा बंगलेवाल्यांनी तार मारून घेतलाय. तारेच्या अल्याड जी भाजी ऱ्हायली ती खडकाच्या फटीत, तिथं कोयता जात बी नाय. मला कमरेला खोचायला लहानसा मिटता चाकू पायजे होता, बस. आन तो लवकर पायजे होता. शेवळं काय कोनासाठी थांबत नाय, पंधरा-ईस दिवसांत संपतात.

चूक माझी. मी भावजींना इचारलं.

"तुमचा पैलाच चाकू ना, वैनी?" त्यांचे डोळे असे चमकले, जसं काय माझं लगीन ठरलंय. "मंग लहान घ्यायचा. पैल्या चाकूनं आपलंच बोट कापतं. लहान कापलेलं बरं."

"बरं."

"चकाकनारा नको. चकाकतो तो दाखवायचा, कापायचा नाय. उघडून पातं हलवायचं. डुलतंय? खाली ठेवायचा. मिटताना कान लावायचा. टक वाजला पायजे. नुस्ता फस्स वाजला तर स्प्रिंग मेली, कवातरी बोटांवर मिटंल."

"बरं. परवा बाजार हाय, घेऊन येते."

"घाई कोनाला हाय, वैनी? मी येतो ना."

घाई मला होती. पन ते आले.

चाकूवाल्यानं पथारीवर धा-बारा चाकू मांडलेले. भावजी उकिडवे बसले, डावा हात पुढं. "हातात देऊ नको रं. खाली ठेव, मी उचलतो. हातातून हातात चाकू गेला की मानसं तुटतात." हे आमच्याकडं समदेच पाळतात, चाकूवाल्यानं पन पाळलं. पन भावजींची पुढची अट मी कवा ऐकली नव्हती. चाकू एकट्या डाव्या हातानं उघडला पायजे. ते अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घालायचे, दात आवळायचे, ढकलायचे. चाकू उघडंना.

"कडक हाय. नको."

दुसरा कडक. तिसरा कडक. समदे कडक.

"बाबा, देवानं दोन हात कशाला दिलेत?" चाकूवाला म्हनला.

"एका हातात फांदी धरनार का नाय? मंग? उजव्यानं कोनबी उघडंल. चाकूची परीक्षा डाव्यानं."

मला पटलं. शहाना मानूस, मनात म्हनलं. त्या आठवड्यात शेवळं मी हातानंच ओढली. कंद वर आला तर पुढल्या साली तिथं उगवत नाय, ते माहीत असून ओढली. किती कंद वर आले. अजून डोळ्यांपुढं येतात.

दुसऱ्या बाजारी तेच. एक बाई कलिंगड कापायला चाकू घेत होती, भावजींनी तिलापन उठवली. चाकूवाला रडकुंडीला आला. "बाबा, एका हातानं उघडतो तो खटक्याचा. बटन दाबलं की पातं बाहेर. तो मी ठेवला तर पोलीस मला उचलतील."

भावजींनी हातातला चाकू खाली ठेवला. मंग हळूच म्हनले, "नुस्त्या अंगठ्यानं दाबला तरी उघडतो?"

"उघडतो. पन माझ्याकडं नाय."

वाटेत भावजी मला मागं टाकून भरभर पुढं गेले. मला वाटलं, उन्हानं.

तिसऱ्या बाजारी मी ठरवून गेले, आज घेनार. शेवळं संपत आलेली. भावजी बसायच्या आधी मी काळ्या मुठीचा एक चाकू उचलला, दोन्ही हातांनी उघडला. पातं हललं नाय. मिटला, टक वाजला.

"भावजी, हाच घेते."

"डाव्यानं उघडा."

"नाय उघडत तर नाय उघडू दे! मला दोन हात हायेत!"

भावजी ताडकन उठले. उठताना पाय पथारीच्या दोरीत अडकला आन तोंडावर पडले. मानूस पडला की दोन्ही हात पुढं येतात. भावजींचा एकच आला. ओठ फुटला. मी उठवायला उजवा दंड धरून ओढला, तर हात खिशातून बाहेर आला. वाळलेला. बोटं आत वळून बसलेली. त्या मुठीत चाकू नव्हता. कायच नव्हतं.

"वारं गेलं त्याच्यावरून," भावजी हळू म्हनले. "दोन वर्सं झाली. पोराला पन माहीत नाय. खिशात घाल गं, लोक बगतायत."

इतक्या वर्सांत मला पैल्यांदा गं म्हनले.

मी तो हात घडी करून खिशात घातला. तेवा कळलं, पैला चाकू मी घेतच नव्हते, ते घेत होते. दोन वर्सं लोकांच्या चाकूच्या नावानं ते एका हातानं उघडनारा चाकू शोधत होते.

काळ्या मुठीचा मी खाली ठेवला. "कडकच हाय," मी चाकूवाल्याला म्हनले. त्यानं तो उचलून परत रांगेत लावला. शेवळं त्या साली गेली ती गेली.

चार दिवसांनी सकाळी भावजी ओट्यावर आले. डाव्या हातानं आपला जुना चाकू काढला, माझ्यापुढं जमिनीवर ठेवला. हातात नाय दिला.

"घ्या. मला आता काय सोलायचंय?"

गंजून बसलेला. घासलेट सोडून, फडक्यानं घासून घासून दुपारी कुठं उघडला. पातं धार लावून निम्मं झिजलेलं. मिटताना मात्र टक वाजला. भावजींनी कान लावला होता.

तेवापासून ते रोज सकाळी पेरू नायतर काकडी आनतात, माझ्यापुढं ठेवतात. "धार बगायची हाय," म्हनतात. मी फोडी करते, ते खातात. दोन वर्सं ह्या मानसानं काय आन कसं कापून खाल्लं, ते मी इचारत नाय.

"ही जाड झाली, वैनी. शिकल्या नाय अजून तुमी."

मनगट दुखतंच. डोंगरावरची तार अजून खाली सरकलीय, पुढल्या साली शेवळं कुठं बगायची ठावं नाय. पन पातळ फोड मला येते, तेवढा हात चालतो. तरी रोज एक जाड काढते. नायतर ते गप खातील आन उठून जातील.