दत्तारामबाब कुळार विचारतात

आमच्या साखळीत मध्यंतरी दत्तारामबाबांची स्कूटर वाजली की लोक घरातल्या म्हाताऱ्यांना आत नेऊन बसवायचे. आभाळ आलं की वाळत घातलेली कोकमाची सोलं उचलतात, तितक्या घाईने. या प्रकाराच्या मुळाशी मी आहे. एक वाक्य मी बोललो आणि ते माझं होतं हे बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. दत्तारामबाबांविषयी लिहायचं तर आधी हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे जे चांगलं लिहीन ते खोटं वाटेल.

दत्तारामबाब आमच्या मागच्या गल्लीत राहतात. खाणीवर टाइमकीपर होते, आता निवृत्त आहेत. बायको वारली, मुलगी फोंड्याला दिलेली. घरात ते आणि त्यांची स्कूटर. स्कूटरही दिवाणखान्यातच असते. खिशाला दोन पेनं, हातात कायम केळ्यांची फणी. केळी अशासाठी की ते ज्यांच्याकडे जातात त्या मंडळींना दात नसतात. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत जिथे म्हणून नव्वदीची बाई आहे, तिथे दत्तारामबाबांनी केळी पोचवली आहेत.

बाई समोर येऊन बसली की गोष्टी सुरू व्हायच्या. सासरा कसा शूर होता, त्याने वाघ कसा मारला. दत्तारामबाब थोडा वेळ ऐकायचे आणि मग म्हणायचे, "तें रावंदे. कुळार खंय?"

कुळार म्हणजे माहेर. आमच्याकडे बाईचं माहेर विचारायचं तर असंच विचारतात. वाघ मारणाऱ्या सासऱ्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना बाईचं कुळार हवं, कुळारचं नाव हवं, तिच्या आईचं कुळार हवं आणि त्या आईच्या बहिणी कुठे कुठे दिल्या ते हवं. हे सगळं ते भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या जुन्या पानांमागे लिहीत. वंशावळ काढणारा माणूस पुरुषांना सोडून बायकांच्या मागे का लागतो, हे कोणालाच कळत नसे. मलाही कळलं नाही. मी विचारलंही नाही.

लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावले. पहिला अर्थ अर्थातच पोर्तुगालचा. आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले असले तर नातवाला तिथला पासपोर्ट मिळतो, म्हणून हल्ली गोव्यात कोणी आजोबांचं जन्मनाव विचारू लागला की तो पासपोर्टाचा माणूस, असं लोक धरून चालतात. एक तरुण तर फाईल घेऊन त्यांच्या दारात येऊन बसला. दत्तारामबाबांनी त्याला चहा दिला आणि त्याच्या पणजीच्या बहिणींविषयी अशी चौकशी केली, की तो परत गेला तेव्हा त्याला लिस्बनला कसं जायचं हे कळलं नव्हतं, पण मोर्लेला आपली एक चुलतमावशी आहे हे कळलं होतं. तिच्याकडे तो अजून गणपतीला जातो म्हणतात.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो मुलीच्या कॉलेजमुळे. तिला कुटुंबाची वंशावळ काढून आणायला सांगितली होती. मला वाटलं, संध्याकाळचं काम. दत्तारामबाब म्हणाले, "सुरवात आपल्यापासून. पयलें तुजें नांव बरय. मागीर आवय-बापायचें. मागीर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे वच. कागद खंय वचनात. म्हातारीं वतात."

कागद कुठे जात नाहीत, म्हातारी माणसं जातात. हे पटण्यासारखं होतं. मी माझं नाव लिहिलं आणि तिथून पुढे माझं डोकं फिरलं.

आमच्या घराण्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे झाडभर विठ्ठल. दत्तारामबाबांनी त्यांना ओळखीसाठी 'थोरलो', 'मदलो' आणि 'बेकार' असं लावलं. बेकार विठ्ठल हा माझा चुलतभाऊ. तो अजून माझ्यावर रागावून आहे. पुरुषांचं एवढं, तर बायकांचं विचारूच नका. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, की कुळारचं नाव संपलं. आणि आमच्या पूर्वजांना नवं नाव म्हणून लक्ष्मीखेरीज काही सुचत नसावं.

तर दत्तारामबाब एकदा पेडण्याहून आले ते गंभीर चेहऱ्याने. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या आज्याला दोन बायका."

"कोण म्हणतं?"

"तुमच्या घरात लक्ष्मी. आणि हळर्णची म्हातारी सांगता, आमची भागीरथी साखळीच्या विठ्ठलाक दिली."

हे माझ्या धाकट्या काकांच्या कानावर गेलं. काका देवळाच्या कमिटीवर, कपाळाला गंध. ते आधी भयंकर चिडले. मग एक दिवस मला म्हणाले, "बाबा दर सोमवारी डिचोलीच्या बाजाराला जायचे. सोमवारी बाजार नसतोच तिथे." त्यानंतर काका डिचोलीत दिसेल त्या साठीच्या माणसाच्या नाकाकडे बघू लागले. एका कापडाच्या दुकानदाराला त्यांनी सरळ विचारलं, तुमचे वडील कुठले. दुकानदाराने कापड द्यायचं नाकारलं.

शेवटी हा गोंधळ माझ्या आईने मोडला. ती मूळची पेडण्यातल्या पार्श्याची, वय झालेलं, पण डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा जागेवर. ती म्हणाली, "अरे मेल्यांनो, ती एकच."

काका म्हणाले, "एकच कोण?"

"तुमची आवय. कुळारात भागीरथी, हंय लक्ष्मी. तुम्ही तिच्या पोटचे ना? तुम्हाला खबर ना?"

काकांना खबर नव्हती. सख्ख्या आईचं माहेरचं नाव त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं. दत्तारामबाब मात्र खूश झाले. लक्ष्मी आणि भागीरथी यांच्याभोवती त्यांनी एकच गोल काढला आणि आईला केळी दिली.

काकांचा राग मात्र माझ्यावर निघाला, कारण दत्तारामबाबांना घरात मी आणलं होतं. मी खजील झालो होतो आणि खजील झालेला माणूस विनोद करतो. बाजारातल्या हॉटेलात आम्ही भाजी-पाव खात बसलो होतो. कोणीतरी सांगितलं, गावातली म्हातारी सुमतीबाय वारली. दत्तारामबाब आठवड्यापूर्वी तिच्याकडे बसून गेले होते. त्याआधी हळर्णची म्हातारीही गेली होती, तिच्याकडेही हे जाऊन आलेले. मी पाव मोडता मोडता म्हणालो, "दत्तारामबाब चित्रगुप्ताचे एजंट. आधी हे येऊन नाव लिहून नेतात, मग वरून माणूस येतो."

हॉटेल हसलं. मालक हसला. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी बायकोने तोच विनोद मला घरी सांगितला, बाजारात ऐकला म्हणून. मी पहिल्यांदाच ऐकतोय असा हसलो. पुढच्या काही दिवसांत तो विनोद राहिला नाही. पेडण्यापर्यंत पोचला तेव्हा त्याची बातमी झाली होती. म्हाताऱ्या आत जाऊ लागल्या. सुना दारातूनच सांगू लागल्या, सासूबाई देवळात गेल्यात. जिला उठून बसता येत नाही, तीही देवळात. एका लग्नघरात तर नवरीच्या पणजीला त्यांच्यापासून लांब बसवलं. ते जेवून, केळी तशीच घेऊन परत आले. मी हे सगळं बघत होतो. आज बोलू, उद्या बोलू असं करत राहिलो. दरम्यान मलाही थोडं ते खरं वाटू लागलं होतं, हे सांगायला लाज वाटते. आपणच सोडलेल्या कुत्र्याला आपणच भ्यावं, तसं.

कारण तेव्हाच आई आजारी पडली. इस्पितळातून घरी आणून दोन-चार दिवस झाले असतील, तर सकाळी स्कूटर वाजली. मी धावत फाटकापाशी गेलो. दत्तारामबाब उतरत होते. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले. इतकं नीटनेटकं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "आई झोपलीय."

आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला, मग तिने कुणाकडे तरी पाणी मागितलं.

मी म्हणालो, "म्हणजे आताच झोपणार आहे. बरं नाही तिला. तुम्ही आत्ता नको... बरं दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. म्हणाले, "बरोबर आसा तुजें." केळी फाटकाला अडकवली आणि गेले.

मी आत आलो. आईने विचारलं, "कोण रे?"

"कोणी नाही."

"दत्ताराम ना? खंय आसा तो?"

"गेले."

आई उशीवरून उठायला लागली. "गेला कसा? मी बोलावलेलो ताका. पोदेराकडे निरोप धाडलेलो."

पाववाल्याकडे निरोप. आजारी आईने पाववाल्याला थांबवून दत्तारामबाबांना बोलावलं होतं आणि ते कपडे इस्त्री करून आले होते. मला काही समजेना. मी विचारलं, कशाला?

"त्याच्या आवयचें कुळार सांगूक."

मी तरीही तसाच उभा. तेव्हा आईने मला खाली बसवलं आणि मूल असल्यासारखं समजावून सांगितलं. दत्तारामबाब अंगावर पीत होते तेव्हाच त्यांची आई गेली. बापाने दुसरं लग्न केलं, गाव सोडलं, पहिलीचा विषय घरात निघाला नाही. शाळेत घालताना चुलत्याने जन्माचा कागद केला, त्यात आईचं सासरचं नाव, राधा. तिचं कुळार कुठलं, तिथे तिला काय म्हणत, हे सांगणारं कोणी उरलं नाही. एवढंच माहीत, की ती पेडण्याकडची.

"म्हणून तो बायकांक विचारता," आई म्हणाली. "दादल्यांक काय खबर असता?"

"तुला हे कोणी सांगितलं?"

"तोच. मी विचारलें. आख्ख्या पेडण्यातल्या म्हाताऱ्यांक खबर आसा. तुका ना?"

मला नव्हती. वंशावळीचा छंद असलेला चक्रम म्हातारा म्हणून मी त्यांना ओळखत होतो आणि त्यावर माझा विनोद उभा होता.

आईला आठवलं होतं ते असं. पार्श्याला त्यांच्या शेजारी एक मुलगी होती, आईपेक्षा मोठी, कृष्णी नावाची. काजूच्या दिवसांत आईला पाठुंगळी घेऊन बागेत न्यायची. तिला साखळीकडे कुठेतरी दिली. पहिल्या मुलानंतर ती गेल्याची बातमी आली, घरात रडारड झाली. नंतर कुळारचे बेळगावकडे निघून गेले. "तीच असेल असें मी म्हणना," आई म्हणाली. "पण तिची हनवटी अशी मधोमध दबलेली. दत्तारामाची बघितलीस?"

मी इतकी वर्षं बघतोय. कधी बघितली नव्हती.

मी तसाच मागच्या गल्लीत गेलो. दत्तारामबाब दारापुढच्या दगडी सोप्यावर बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट तसाच. मी म्हणालो, चला, आईने बोलावलंय, तिला काहीतरी आठवलंय तुमच्या आईविषयी.

ते उभे राहिले. मग परत बसले.

"ना रे," ते म्हणाले. "नाका."

"का?"

"तुजी आवय बरी जांवदी आदीं."

"ती बरी आहे. तीच म्हणते, आज या."

ते गुडघ्यावरची इस्त्री हाताने सारखी करत राहिले. मग म्हणाले, "सुमतीबाय मला हसत बोलली. दुसरें केळें मागून घेतलें. आणि गेली. हळर्णची पण तशीच. लोक सांगतात तें मी आधी मनावर घेतलें ना. आता घेतां. माझ्या विचारण्यात काय तरी आसा. माझी आवय तर गेलीच. तिचें नांव कळूक तुझी कित्याक घालवूं?"

हॉटेलात हसण्यावारी निघालेली गोष्ट आता या माणसानेही खरी मानली होती, आणि माझ्या आईला काही होऊ नये म्हणून स्वतःच्या आईचं नाव सोडून द्यायला तो तयार होता.

मी म्हणालो, "दत्तारामबाब, चित्रगुप्ताचं जे बोलतात ना, ते मी काढलं. हॉटेलात. पाव खाताना."

त्यांना लगेच कळलं नाही. "तूं काढलें म्हणजे?"

"म्हणजे मनाने रचलं. हसवायला."

"कोणा भटान, कोणा देवान सांगिल्लें न्हय?"

"नाही. मीच."

"मग सुमतीबाय?"

"नव्वद वर्षांची होती. आपसूक गेली."

"आपसूक," ते म्हणाले. एकदा माझ्याकडे आणि एकदा रस्त्याकडे बघत त्यांनी ते पुन्हा म्हटलं. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर सोपं गेलं असतं. पण ते नुसते चाचपडत होते, नुकतंच डोक्यावर घेतलेलं ओझं कुठे उतरवायचं ते कळत नसल्यासारखे. मी सोप्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि जे आधीच, त्या हॉटेलातून उठतानाच म्हणायला हवं होतं, ते म्हणालो.

"माझं चुकलं, दत्तारामबाब. सकाळी फाटकात चुकलं आणि त्याच्या कितीतरी आधी चुकलं. मला माफ करा."