गेटवरची मॅडम

लग्न झाल्यापासून गोदू ज्या गोष्टीसाठी झिजली, ती गोष्ट एका संध्याकाळी गंगाधररावांनी आपण होऊन केली. कारखान्यातून आले, चपला बाहेरच काढल्या आणि चहा मागायच्या आधी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले.

गोदू कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "बरं नाही वाटून राहिलं काय तुम्हाले?"

"बरा आहो ना. मॅडम म्हणते, घरी गेल्यावर पहिले हात धुवा."

"कोण मॅडम?"

"गेटवरची," गंगाधरराव म्हणाले आणि नखं तपासत आत गेले.

लॉकडाउन उठून शहराबाहेरच्या सिलतऱ्याचा लोखंडाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. गंगाधरराव तिथे डिस्पॅचमध्ये बाबू होते. मालाचा ट्रक त्यांच्या सहीशिवाय हलत नसे आणि ते स्वतः गोदूच्या कितीही सांगण्यानं हलत नसत. म्हणून तर हे हात धुणं तिला खुपलं.

त्यानंतर मॅडम घरात रोज येऊ लागली. मॅडमला मळका मास्क चालत नाही म्हणून गंगाधरराव स्वतःचा मास्क स्वतः धुऊ लागले. मॅडम म्हणते अंतर ठेवा, म्हणून भाजीच्या ठेल्यावर शेजाऱ्यांना मागं सारू लागले. आणि एका रविवारी तर त्यांनी मिशी उतरवली. ती काढावी म्हणून गोदूनं माहेरी जायची धमकीसुद्धा देऊन पाहिली होती.

"मिशीनं मास्क घसरते," त्यांनी खुलासा केला. "मॅडम दोनदोनदा परत पाठवते."

"आवाज कसा आहे तिचा?"

"गोड. पण बोलणं पक्कं. एकदा म्हटलं की म्हटलं."

"अन् दिसते कशी?"

गंगाधररावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "उंच आहे. बारीक. गोरीपान."

गोदूनं त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा टाकलं. ते राहत त्या पुरानी बस्तीत कुणाच्या घरातलं मीठ लपून राहत नाही. भिंतीपलीकडच्या रमावहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माणूस बायकोनं सांगून हात धुवत असंल तर काही नाही. तिनं न सांगता धुवाले लागला की पाहून यावं."

दुसऱ्या दिवशी गंगाधररावांचा डबा ओट्यावर राहिला. तो ते विसरले की गोदूनं पिशवीतून काढून ठेवला, हे त्या डब्यालाच ठाऊक. अकराच्या सुमारास तिनं भाच्याच्या लग्नातली जांभळी साडी नेसली, डबा घेतला आणि ऑटोत बसली. नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात जाळणारे नऊ दिवस. ऑटोवाल्यानं कोरोनाच्या भीतीनं स्वतःच्या आणि सवारीच्या मधे प्लास्टिकचा पडदा बांधला होता, त्यामुळे वारा त्याला आणि उन्हाची लू तिला, अशी वाटणी झाली. सिलतऱ्याला उतरली तेव्हा गोदू तव्यासारखी तापली होती, आतून आणि बाहेरून.

गेटवर पाळी बदलत होती. मजूर, ड्रायव्हर, बाबू अशी रांग लागलेली. गोदू डबा पुढं धरून थेट पुढं गेली. तिला मॅडमला पाहायचं होतं.

"कृपया मास्क नाक के ऊपर कीजिए," एका बाईचा मधाळ आवाज आला.

गोदूनं मास्क वर केला आणि इकडंतिकडं पाहिलं. बाई कुठंच नव्हती.

"भाभीजी, सामने खड़े रहिए," चौकीदार म्हणाला. "मॅडम बुखार देखेगी."

"कहाँ है मॅडम?"

चौकीदारानं बोट दाखवलं. आत जायच्या फिरत्या दांड्याशेजारी एक खांब होता. त्याच्या टोकाला काचेचा पडदा आणि पडद्यात गोदूचा स्वतःचाच घामेजलेला चेहरा. खांब उंच होता, बारीक होता आणि गोरापान होता.

दुसरी एखादी तिथंच हसली असती. गोदूचं मात्र डोकं भणाणलं. बाई असती तर बाईशी बरोबरी करता आली असती. हिला ना पाठ ना पोट. इतकी वर्षं आपण घसा कोरडा केला आणि नवऱ्यानं मिशी उतरवली ती एका खांबाच्या सांगण्यावरून.

"आपका तापमान अधिक है. कृपया पीछे हटिए."

"मी काहून हटू?" गोदू म्हणाली.

"कृपया पीछे हटिए."

"तूच हट. माझ्या घरात तू शिरली, मी नाही तुझ्या घरात आली."

खांबावर लाल दिवा लागला, भोंगा वाजला आणि दांडा जाम झाला. तापलेलं माणूस समोरून हटेपर्यंत तो उघडायचा नाही, अशी त्याची शिकवण होती. आणि मॅडम हटल्याशिवाय आपण हटायचं नाही, असा गोदूचा निश्चय. आतले आत अडकले, बाहेरचे बाहेर. मागं ट्रक उभे राहिले आणि हॉर्न देऊ लागले. तमाशा पाहायला रांग मोडून माणसं जवळ आली. कुणाचा मास्क हनुवटीवर, कुणाचा कानाला लोंबत.

गोदू वळली.

"और तुम लोग? दाढ़ी को बीमारी होती है क्या, जो दाढ़ी ढाँक के आए? घर में बूढ़े माँ-बाप नहीं हैं? ज़मीन पे ये गोले किसके लिए बनाए, मुर्गियों के लिए?"

क्षणभर हॉर्नसुद्धा थांबले. मग सगळे मास्क एकदम नाकावर चढले आणि एकेक माणूस मुकाट्यानं आपापल्या गोलात जाऊन उभा राहिला. "हव दीदी," मागून कुणीतरी पुटपुटत होकार भरला.

तेवढ्यात कारखान्याची सेफ्टी ऑफिसर यामिनी धावत आली. गोदूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा आवाज तुमचा काय?"

"नाही हो काकू, तो मशीनसोबत आला. तुम्ही आधी सावलीत चला."

नियम असा होता की ताप निघालेल्या माणसाला बाजूच्या शेडमध्ये बसवायचं आणि त्याच्या घरच्यांनाही. म्हणून गंगाधररावांना डिस्पॅचमधून उचलून आणलं. नवराबायको दोन टोकांच्या दोन बाकांवर बसली.

"तू इथं कशी?"

"डबा द्याले."

"डब्यासाठी जांभळी साडी?"

गोदूनं तोंड पंख्याकडे फिरवलं. अंग निवलं तसा तिचा ताप उतरला. यामिनी परत आली ती मोबाइल हातात घेऊनच.

"काकू, मशीन इतके दिवस बोंबलून राहिली, पण बाबू लोक सोडले तर तिचं कोणी ऐकत नाही. तुमचं एका दमात ऐकलं. तुमचा आवाज द्याल काय मशीनले?"

गोदूनं शेडच्या खिडकीतून त्या गोऱ्यापान खांबाकडे पाहिलं. "देते ना," ती म्हणाली. "बंद करा तिले."

अट एकच होती, प्रत्येक वाक्याची सुरुवात 'कृपया'नं करायची. तो शब्द गोदूच्या तोंडी बसेना. दर वेळी 'कृपया' मऊ निघे आणि पुढचं वाक्य लाटण्यासारखं येई. पण शेवटी जमलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा कारखाना गोदूच्या आवाजाखालून आत जाऊ लागला. मास्क नाकावर आले, रांग सरळ झाली. रमावहिनींच्या घरापर्यंत ही कीर्ती गोदूनं स्वतः पोचवली.

गंगाधरराव मात्र खट्टू झाले. आठवडाभरानं एका रात्री ते ताटावरच येईनात.

"काहून, काय झालं?" गोदूनं विचारलं.

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "स्टोअरवाला म्हणते, भाभीजी कितनी इज्जत से बोलती हैं. तिथं ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळ्यायले कृपया म्हणतेस. मले या घरात एकदा तरी म्हणाली काय?"

गोदूनं आधी रमावहिनींकडची खिडकी लावून घेतली. मग घसा साफ करून म्हणाली, "कृपया जेवून घ्या."

गंगाधरराव तत्काळ उठले. स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं, पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरला आणि शहाण्यासारखे जेवायला बसले. असं या घरात कधी घडलं नव्हतं. गोदूला आनंद व्हायला हवा होता. पण हे उठले ते नेमके कुणाच्या सांगण्यानं, आपल्या की आपल्याच आवाजात बोलणाऱ्या गेटवरच्या मॅडमच्या, हे काही तिला ठरवता येईना.

"वरण दे ना थोडं," गंगाधरराव लाडात म्हणाले.

"तिलेच मागा," गोदू म्हणाली आणि आत निघून गेली.